पुनरुत्थान म्हणजे काय? ख्रिस्ती श्रद्धेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईस्टर, म्हणजे येशूच्या उठण्याचा सण, जवळ आला की हे प्रश्न हमखास येतात. काही ऑफिसातल्या मित्रांचे असतात, काही संडे स्कूलच्या मोठ्या मुलांचे, आणि काही दफनविधी आटोपल्यावर दाराशी रेंगाळणाऱ्या नातेवाइकांचे. उत्तरं लिहिणारा ना पाळक आहे ना फादर, मंडळीतला एक साधा सभासद आहे. जिथे पंथांमध्ये मतभेद आहेत तिथे तसं सांगितलं आहे.

ख्रिस्ती लोक पुनरुत्थान म्हणतात तेव्हा नेमकं काय मानतात?

दोन गोष्टी मानतात. पहिली अशी की रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या अमदानीत, इ.स. 30 च्या आसपास (काही अभ्यासक 33 धरतात), यरुशलेमच्या वेशीबाहेर क्रुसावर मारल्या गेलेल्या येशूला देवाने तिसऱ्या दिवशी उठवलं. दुसरी अशी की काळाच्या शेवटी देव सगळ्या मेलेल्यांना उठवणार आहे. पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रचारक पौल याच्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. येशू हे पहिलं फळ, बाकीचं पीक मागून यायचं आहे.

गंमत अशी की दर रविवारी मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, ‘शरीराचे पुनरुत्थान’ म्हणणाऱ्यांपैकीही कितीतरी जणांच्या मनात प्रत्यक्षात ‘मेल्यावर आत्मा स्वर्गात जातो’ एवढंच असतं. तेवढंच सांगायचं असतं तर अथेन्समध्ये पौलाची कुणी थट्टा केली नसती. आत्मा अमर आहे, हे ग्रीकांना नवं नव्हतं. शरीर हा त्यांच्यातल्या पुष्कळ विचारवंतांना पिंजरा वाटे, आणि सुटका झालेल्या कैद्याला परत तुरुंगात नेण्यासारखी ही कल्पना त्यांना हास्यास्पद वाटली. ख्रिस्ती श्रद्धेचं म्हणणं नेमकं इथेच वेगळं पडतं. हाडामांसाचा देह देवाने घडवला आणि देव तो टाकून देणार नाही. पुढची बरीच उत्तरं या एका मुद्द्यावर उभी आहेत.

येशूने उठवलेला लाजरसुद्धा कबरेतून बाहेर आला होता. मग येशूचं वेगळं काय?

लाजर परतला तो जुन्याच आयुष्यात. सावित्रीने यमाकडून सत्यवानाला परत मिळवलं तसंच हे. घर तेच, माणसं तीच, आणि पुढे कधीतरी पुन्हा मरण ठरलेलंच. लाजर बाहेर येतो तेव्हा त्याच्या हातापायांना प्रेतवस्त्रं गुंडाळलेली असतात आणि ती दुसऱ्यांना सोडावी लागतात. येशूची वस्त्रं मात्र कबरेतच पडलेली सापडतात. बायबलमध्ये येशूची चार चरित्रं आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात; त्यांतलं एक ज्याच्या नावाचं आहे त्या योहानाने तर डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवला होता, हेही नोंदवलं आहे. येशू मरणातून मागे फिरला नाही, तो मरणाच्या पलीकडे गेला, असा ख्रिस्ती विश्वास आहे. म्हणूनच ओळखीची माणसंही त्याला आधी ओळखत नाहीत. त्याची अनुयायी मग्दालीया मरीया हिला तो माळी वाटतो. अम्माऊस गावाच्या वाटेवर दोघे शिष्य कितीतरी वेळ त्याच्यासोबत चालतात, आणि तो भाकर मोडतो तेव्हा कुठे त्यांना ओळख पटते.

पुनर्जन्म आणि पुनरुत्थान एकच का?

नाही. जीर्ण वस्त्र टाकून नवं घ्यावं तसा जीव देह बदलतो, हा विचार आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्यात देह येतो आणि जातो, जीव पुढे चालत राहतो आणि शेवटी या फेऱ्यातून सुटायचं असतं. पुनरुत्थानात फेरा नाही. आयुष्य एकच, मरण एकच, आणि उठतो तो तोच माणूस. वत्सलाबाई वत्सलाबाईच असतील, कुणी दुसरी व्यक्ती होणार नाहीत. शिवाय हे कर्माचं फळ नसून देवाची देणगी मानली जाते. दोन परंपरा मरणाला दोन वेगळे प्रश्न विचारतात, त्यामुळे यांतली एक दुसरीची बिघडलेली नक्कल आहे, असं दोन्ही बाजूंनी कुणी म्हणू नये.

आता पिढ्यान्पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातली आजीसुद्धा खोडकर नातवाला ‘कुठल्या जन्माचं वैर काढतोस रे’ म्हणते, ते सोडून द्या. ते मराठी बोलणं आहे, धर्मशास्त्र नाही.

हे संजीवन समाधीसारखं म्हणायचं का?

हा प्रश्न मला आवडतो, कारण तो मराठी माणसालाच सुचतो. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये आळंदीला समाधी घेतली आणि तुकाराम सदेह वैकुंठाला गेले, या श्रद्धांमध्ये संत मरणाच्या तडाख्यातून जात नाहीत. बायबलमध्ये याच्या जवळची गोष्ट एलिया संदेष्ट्याची आहे, तो अग्निरथातून वर घेतला गेला. येशूचं तसं नाही. शुभवर्तमानं त्याच्या मरणात कुठेही सवलत देत नाहीत. कुशीत भाला खुपसला जातो, अरिमथाईचा योसेफ पिलाताकडे प्रेत मागतो, ते तागाच्या वस्त्रात गुंडाळून खडकातल्या कबरेत ठेवतात आणि तोंडाशी धोंड लोटतात. आधी पूर्ण मरण, मग उठणं.

आणि ही कथा मराठीत फार जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. येशूचं सगळं चरित्र, मरण आणि उठणं धरून, त्यात ओव्यांत सांगितलं आहे.

उठताना कुणी पाहिलं का? पुरावा काय?

उठताना कुणीच पाहिलं नाही, आणि चारही शुभवर्तमानं ते पाहिल्याचा आव आणत नाहीत. त्यांच्याकडे दोन गोष्टी आहेत. एक रिकामी कबर आणि दुसरी, त्यानंतर येशू भेटला असं सांगणारी माणसं.

साक्षीदारांचा सर्वांत जुना लेखी उल्लेख शुभवर्तमानांतला नाही. तो करिंथकरांस लिहिलेल्या पौलाच्या पहिल्या पत्रात, 15 व्या अध्यायात आहे. पत्र इ.स. 55 च्या सुमाराचं, म्हणजे घटनेनंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी लिहिलेलं. त्यातही पौल म्हणतो की हे मला सांगितलं गेलं तेच मी तुम्हांला सांगितलं. म्हणजे साक्ष पत्राहून जुनी. मग तो यादी देतो: पेत्र, बारा शिष्य, एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधू (त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, असंही सांगतो), येशूचा भाऊ याकोब, सगळे प्रेषित आणि शेवटी स्वतः पौल. तो तर आधी या लोकांचा छळ करणारा.

या यादीत मग्दालीया मरीयेचं नाव नाही. चारही शुभवर्तमानांत कबरेवर पहिल्यांदा जाणाऱ्या स्त्रियाच आहेत आणि मरीया चारही ठिकाणी आहे. त्या काळात बाईची साक्ष कमी लेखली जाई. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस तर ती घेऊच नये, असं स्पष्ट लिहितो. कुणी ही गोष्ट रचली असती तर साक्षीदार म्हणून बायका निवडल्या नसत्या, हा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो आणि त्यात दम आहे. पण मला दुसरी बाजूही महत्त्वाची वाटते. बायकांनी येऊन सांगितलं तेव्हा प्रेषितांना ती बडबड वाटली, असं लूक लिहितो. मंडळीने बायकांचं न ऐकण्याची सुरुवात पहिल्याच ईस्टरला केली होती! कॅथलिक चर्चने 2016 मध्ये मरीयेच्या 22 जुलैच्या स्मृतिदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला. उशीर झाला, पण झालं.

हा पुरावा कोर्टात टिकेल का? नाही टिकणार. इतिहास फार तर एवढं सांगू शकतो की गुरू मारला गेल्यावर पांगलेली माणसं थोड्याच काळात परत एकत्र आली, आम्ही त्याला पाहिलं म्हणू लागली आणि त्यांच्यातले काही त्यापायी जिवालाही मुकले. त्या मधल्या काळात काय घडलं, याचं उत्तर श्रद्धेने द्यायचं आहे.

चार शुभवर्तमानांतले तपशील जुळत का नाहीत?

नाहीच जुळत. मार्ककडे तीन स्त्रिया आणि एक तरुण, मत्तयाकडे दोन स्त्रिया आणि एक देवदूत, लूककडे स्त्रिया आणखी जास्त आणि दोन पुरुष, योहानाकडे मरीया एकटी आणि दोन देवदूत. मार्कच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर शुभवर्तमान 16 व्या अध्यायाच्या 8 व्या ओवीवरच थांबतं: स्त्रिया थरथर कापत पळाल्या आणि घाबरल्यामुळे कुणाशी बोलल्या नाहीत. पुढच्या ओव्या नंतरच्या, हे बहुतेक अभ्यासक मानतात आणि आजच्या अनेक बायबलांत तशी टीपही असते. हे लपवण्यात काही हशील नाही. जबान्या पढवलेल्या नाहीत, एवढं त्यातून दिसतं.

उठलेल्या शरीरावर जखमा का राहिल्या? देवाला त्या पुसता आल्या नसत्या का?

माझ्या मते अख्ख्या विषयातला सर्वांत मोठा प्रश्न हा आहे आणि तो सर्वांत कमी विचारला जातो.

येशू बंद दारांतून आत येतो, म्हणजे देह बदलला आहे. पण हातांत खिळ्यांच्या खुणा आहेत आणि कुशीत भाल्याची जखम आहे. थोमा नावाचा शिष्य म्हणतो, त्या खुणांत बोट घातल्याखेरीज मी मानणार नाही. आठ दिवसांनी येशू येतो आणि त्याच खुणा पुढे करतो. कसलंही तेज नाही, मुकुट नाही. ओळख पटते ती जखमांवरून.

याचा अर्थ मी असा घेतो की माणसाने जे सोसलं ते देव कोरं करून टाकत नाही. सोसलेलंही त्या माणसाचं आहे आणि तेही उठतं, मात्र आता दुखत नाही. नवऱ्याचा मार खाल्लेल्या बाईला किंवा गिरणीत बोटं गमावलेल्या माणसाला ‘स्वर्गात सगळं विसरून जाल’ हे सांगण्यापेक्षा ‘ज्याला तुम्ही देव म्हणता त्याच्याही हातांना भोकं आहेत’ हे सांगणं मला खरं वाटतं.

मग आपलं शरीर कसं असेल? कुठल्या वयाचं?

पौल बीचं उदाहरण देतो. पेरता तो नुसता दाणा असतो, उगवतं ते रोपटं. दोन्ही एकच, तरी दिसण्यात काही साम्य नाही. याच्या पलीकडे तो जात नाही. पुढे पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने कापलेल्या केसानखांचं काय होईल, अर्भकं कशी उठतील, अशा प्रश्नांवरही डोकं चालवलं आणि सगळे भरतारुण्यात, साधारण तिशीच्या रूपात उठतील, असं अनुमान केलं. वाचायला मजा येते, पण मानलंच पाहिजे असं काही नाही.

शरीर उठणार असेल तर दहन चालतं का?

शहरांत हा प्रश्न आता कळीचा झाला आहे. मुंबईत दफनभूमीला जागा नाही. ठरावीक वर्षांनी कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायच्या आणि तीच जागा दुसऱ्याला द्यायची, हे तिथे सवयीचं झालं आहे.

कॅथलिक चर्चने 1963 मध्ये दहनाला मुभा दिली. अट एवढीच की पुनरुत्थान नाकारण्यासाठी म्हणून ते केलेलं नसावं. 2016 मध्ये रोमने पुन्हा स्पष्ट केलं की पसंती दफनालाच आहे, आणि दहन केलं तर रक्षा उधळू नये, ती दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवावी. म्हणजे नदीत विसर्जन कॅथलिक शिस्तीत बसत नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत सहसा बंदी नाही. कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम टेंपल यांचं 1944 मध्ये दहनच झालं. ऑर्थोडॉक्स चर्चचा मात्र आजही विरोध आहे.

जळालेल्या देहाला देव कसा उठवणार, ही शंका घरातल्या वडीलधाऱ्यांना फार छळते. त्यांना लियोंची हकीकत सांगावी. गॉल देशात, आजच्या फ्रान्समध्ये, इ.स. 177 मध्ये तिथल्या ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेतं जाळून राख रोन नदीत टाकली गेली. हेतू हाच की यांना उठण्याची आशाच उरू नये. मंडळीने त्या हुतात्म्यांना उठण्याच्या यादीतून कधी वगळलं नाही. समुद्रात बुडालेले, आगीत गेलेले, ज्यांचा पत्ताच लागला नाही असे, सगळे त्या आशेत आहेत. दफनाचा आग्रह आहे तो देवाच्या सोयीसाठी नव्हे. देहाला मानाने मातीच्या स्वाधीन करण्याची ती रीत आहे. निर्णय घ्यायचा असेल तर माणूस जिवंत असताना घरात बोलून ठेवा आणि फादर किंवा पाळकांना विचारा. प्रेत घरात असताना दोन भावांनी यावर भांडणं फार वाईट.

मेल्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत माणूस कुठे असतो?

ख्रिस्ताजवळ, एवढ्यावर बहुतेक पंथांचं एकमत आहे. कॅथलिक शुद्धिस्थान (स्वर्गाआधी आत्मा शुद्ध होण्याची अवस्था) मानतात आणि मृतांसाठी प्रार्थना करतात. 2 नोव्हेंबरला कबरी धुऊन, फुलं वाहून मेणबत्त्या लावतात त्या त्यासाठीच. प्रोटेस्टंट शुद्धिस्थान मानत नाहीत. काही जण त्या मधल्या काळाला झोप म्हणतात.

घरचं माणूस गेल्यावर रडणं हा अविश्वास आहे का?

अजिबात नाही. लाजरला आपण उठवणार आहोत, हे माहीत असूनही येशू त्याच्या कबरेपाशी रडला. ‘रडू नका ताई, ते प्रभूजवळ गेले’ असं म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण पहिल्या दिवशी हे वाक्य बायकांचं तोंड दाबायलाच जास्त कामी येतं. पौलाने थेस्सलनीकाकरांना ‘आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका’ असं लिहिलं. शोकच करू नका, असं लिहिलं नाही. निधनाच्या पत्रिकेत नावामागे ‘ख्रिस्तवासी’ छापणं आणि रात्री त्या माणसाच्या रिकाम्या खाटेकडे बघून हुंदका येणं, दोन्ही एकाच घरात असू शकतं.

ईस्टरच्या रात्री चर्चमध्ये काय होतं?

कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी रात्री दिवे मालवतात. बाहेर अंगणात नवा अग्नी पेटवतात आणि त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावतात. ती जवळून पाहा. तिच्यावर क्रूस कोरलेला असतो, वरखाली आल्फा आणि ओमेगा ही ग्रीक अक्षरं, क्रुसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे, आणि पाच जखमांसाठी धुपाचे पाच दाणे. ती अंधाऱ्या चर्चमध्ये नेतात आणि तिच्यावरून एकेकाची छोटी मेणबत्ती पेटत जाते. पुढे वर्षभर बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची मेणबत्ती हिच्यावरूनच लावतात आणि अंत्यविधीला हीच शवपेटीजवळ ठेवतात.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत पहाटेची उपासना असते, काही ठिकाणी दफनभूमीतच. ही रीत 1732 मध्ये जर्मनीतल्या हेर्नहूट गावच्या मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथातल्या तरुणांनी सुरू केली. ते पहाटे कबरींजवळ जमून गायले.

तारीख दर वर्षी का बदलते?

21 मार्चला किंवा नंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यामध्ये कधीही येतो. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली, तेव्हा पंचांगाशी एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेने मोजतात. 2025 मध्ये दोघांचाही ईस्टर 20 एप्रिललाच आला, 2026 मध्ये 5 आणि 12 एप्रिल असा वेगळा.

अंडी आणि ससा?

युरोपातून आलेली लोकरीत. मुलांना आवडते. बायबलशी संबंध नाही.

हे सगळं रोजच्या जगण्यात कुठे येतं?

रविवार इथूनच आला. पहिल्या ख्रिस्ती लोकांना त्या दिवशी सुट्टी नव्हती. ते पहाटे जमायचे आणि मग कामावर जायचे. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 मध्ये रविवार विश्रांतीचा केला. मुंबईच्या गिरणी कामगारांना तो 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मिळाला. लोखंडे ख्रिस्ती नव्हते, पण थकलेल्या देहालाही हक्क असतो, हे त्यांनी अनेक ख्रिस्ती माणसांपेक्षा चांगलं ओळखलं होतं.

मग जेवण. उठलेला येशू तिबिर्य समुद्राच्या काठावर शिष्यांसाठी काय करतो? कोळशाचा विस्तव पेटवतो, त्यावर मासळी ठेवतो, भाकर ठेवतो आणि म्हणतो, या, न्याहारी करा. रात्रभर जाळं ओढून दमलेल्या कोळ्यांना त्याने प्रवचन दिलं नाही. तीन वेळा त्याला नाकारणाऱ्या पेत्राशी बोलणं झालं तेही न्याहारीनंतर. आजाऱ्याला पेज नेऊन देणं, म्हाताऱ्या सासऱ्यांची पाठ पुसणं, चाकांच्या खुर्चीसाठी चर्चच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधणं, ही पुनरुत्थानाची कामं आहेत, असं मी म्हणतो तेव्हा काहींना ते फार साधं वाटतं. पण देह उठणार असेल तर देहाची सेवा दुय्यम कशी?

आणि एक अवघड गोष्ट. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या काढणारी भिंत आहे. आपण महाराष्ट्रातल्यांनी लगेच नाक मुरडू नये. सोयरीक जुळवताना मूळ जात विचारणारी घरं आपल्या मंडळ्यांतही आहेत. एकाच मातीतून, एकाच हाकेने सगळे उठणार म्हणायचं आणि झोपायला भिंत बांधायची, हे एकत्र बसत नाही.

मला हे पटत नाही. तरी मी मंडळीत बसू शकतो का?

बसा. थोमा आठवडाभर न मानता इतर शिष्यांसोबतच राहिला आणि त्यांनीही त्याला बाहेर काढलं नाही. शेवटच्या अध्यायात, गालीलातल्या डोंगरावर साक्षात येशूपुढे उभं असतानाही काहींना संशय वाटला, हे मत्तयाने लिहूनच ठेवलं आहे.

मी ख्रिस्ती नाही. मित्राला शुभेच्छा काय द्याव्यात?

गुड फ्रायडेला ‘हॅपी गुड फ्रायडे’ पाठवू नका. तो मरणाचा दिवस आहे. त्या दिवशी काहीच पाठवलं नाही तरी चालतं. रविवारी ‘ईस्टरच्या शुभेच्छा’ पुरे. कुणी ‘ख्रिस्त उठला आहे’ म्हणालं तर ख्रिस्ती माणूस ‘खरोखर उठला आहे’ असं उत्तर देतो. तुम्ही नुसतं हसलात तरी कुणाला राग येणार नाही. जेवायला बोलावलं तर मात्र जा. बऱ्याच घरांत ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस मटण शिजलेलं नसतं, तेव्हा त्या दिवशी ताटाला काही कमी पडत नाही.